कर्जाची मोळी बांधून देणारे



गावोगाव सध्या एक नवा माणूस फिरतो आहे. तो बियाणे विकत नाही, औषध विकत नाही, विमाही विकत नाही. पारावर बसतो आणि विचारतो, 'काकाजी, किती ठिकाणचे देणे आहे?' मग बोटांवर मोजत सांगतो, 'सोसायटीचे, फायनान्सवाल्याचे, कृषी केंद्राचे, सावकाराचे, सगळे आम्ही एका जागी करून देतो. महिन्याला एकच हप्ता. दारात कोणी येणार नाही.' दुसरा याच्याही पुढे जातो. 'बँकेत आपली ओळख आहे, अर्ध्यात मिटवून देतो,' म्हणतो. कुणाच्या हातात छापील पत्रके असतात, कुणाचे तालुक्याला काचेच्या दाराचे ऑफिस असते, कुणी नुसता मोबाईलवरच भेटतो.

ज्याला बाजाराच्या दिवशी चार दुकाने चुकवून जावे लागते, त्याला देणेकऱ्याचे एकच दार झाले तर हवेच असते. अशा माणसाच्या नादी लागणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी म्हणणारे शहरात पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा जुलै महिन्यात, दुबार पेरणी अंगावर आलेली असताना, हप्तेवाल्याचा फोन घेऊन पाहावा. कर्ज का झाले याची चर्चा आपण दर बैठकीत करतो, आज त्यात जात नाही. आजचा प्रश्न एवढाच की कर्ज मिटवून देतो म्हणणाऱ्यांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा?

माझे मत आधीच सांगून टाकतो. कोरडवाहू शेतकऱ्याने कर्जे आधी निवडावीत, जसे बियाणे निवडतो तशी. कोणते महाग, कोणते स्वस्त, कोणते कायद्यात बसते, कोणते बसत नाही, हे वेगळे करावे. मग एकेक मिटवावे. जो माणूस न निवडता सगळ्यांची एकच मोळी बांधायला निघतो, तो तुमचे काम करत नाही. तो स्वतःचा माल विकतो आहे.

हे नुसते बोलून पटणार नाही, हिशेब करू. आठ एकर कोरडवाहूचा एक शेतकरी धरा. पाच एकर पऱ्हाटी, तीन एकर ज्वारी. सोसायटीचे पीककर्ज १,२०,००० रुपये. बायकोच्या नावावर गटातून घेतलेले मायक्रोफायनान्सचे ६०,०००, वर्षाला २४ टक्के. कृषी केंद्राची उधारी ४५,०००, महिना २ टक्के. आणि मुलीच्या लग्नात सावकाराकडून काढलेले ५०,०००, शेकडा पाच रुपये महिना. एकूण देणे २,७५,०००.

आता मुद्दल तेवढेच राहिले असे धरून वर्षाचे व्याज काढा. सोसायटीचे वेळेत भरले तर शून्य. मायक्रोफायनान्सचे १४,४००. कृषी केंद्राचे १०,८००. सावकाराचे ३०,०००. बेरीज ५५,२००. मोळीवाला काय करतो? घर तारण ठेवून २,७५,००० चे एकच कर्ज काढून देतो, दर २४ टक्के, वर फाईलचे ३ टक्के. व्याज झाले ६६,०००, फाईलचे ८,२५०. बेरीज ७४,२५०. हप्ता एक झाला, दार एक झाले, आणि पहिल्याच वर्षी १९,००० रुपये जास्त गेले. कारण काय? सावकाराचे ६० टक्क्यांचे कर्ज २४ वर आले हे खरे, पण त्याच्या दुपटीहून मोठे असलेले सोसायटीचे शून्य टक्क्यांचे कर्जही त्याने २४ वर नेऊन ठेवले.

तिसरा रस्ता पाहा. बाकी कशालाही हात लावू नका. फक्त सावकाराचे ५०,००० तोडा. घरातले डाग बँकेत तारण ठेवले आणि व्याज १० टक्के धरले, तर ३०,००० च्या जागी ५,००० पडतात. वर्षाचे एकूण व्याज ३०,२०० वर येते. मोळीवाल्याच्या हिशेबापेक्षा ४४,००० रुपये कमी. सोने नसेल तर शेळ्या, गोऱ्हा, पहिल्या वेचणीचा कापूस, काय असेल ते त्या एका कर्जावर घालावे. दुसऱ्या चुकाऱ्यात कृषी केंद्र. या कामाला कंपनी लागत नाही, चौथी शिकलेली पोरगी आणि वहीचे एक पान लागते. ज्याचे सोसायटीचे कर्ज आधीच थकलेले आहे, त्याचे शून्य राहत नाही, हिशेब बदलतो. पण तेही सहसा चोवीस टक्क्यांना जाऊन भिडत नाही.

पीककर्ज वेगळे ठेवा असे मी म्हणतो, त्याला व्याजाखेरीज आणखी कारणे आहेत आणि ती मोळीवाला कधीच सांगत नाही. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळते, वेळेत भरले तर केंद्राची ३ टक्के सूट, आणि महाराष्ट्रात २०२१ पासून डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत उरलेला भार राज्य उचलते, म्हणून वेळेत भरणाऱ्याला ते बिनव्याजी पडते. हे झाले व्याज. दुसरे, थकण्याचे घड्याळ. घरकर्ज, वाहनकर्ज नव्वद दिवस थकले की बँकेच्या वहीत बुडीत धरतात. थोड्या मुदतीच्या पिकांच्या कर्जाला मात्र दोन हंगाम थकेपर्यंत तसे धरत नाहीत. पाऊस गेला तर पुढच्या हंगामाची आशा त्यात आहे. पीककर्ज फेडून त्या जागी तारणी कर्ज घेतलेत की तुम्ही दोन हंगामांच्या घड्याळातून उठून नव्वद दिवसांच्या घड्याळात जाऊन बसलात. तिसरे, दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झाली तर बँकांना पीककर्जाचे पुनर्गठन करता येते, म्हणजे थकलेले पीककर्ज काही वर्षांच्या हप्त्यांत पाडून नवे पीककर्ज देता येते. खासगी कंपनीच्या तारणी कर्जावर आणेवारी किती निघाली याचा काही परिणाम होत नाही. आणि चौथे, २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या आठवा. त्या पुरेशा होत्या का, कोणाला वगळले, हा वाद आपण घातलेलाच आहे. पण तिन्हींत आली ती बँकेची नि सोसायटीची शेतीकर्जे. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचे सावकारी कर्ज फेडण्याची एक योजना २०१५ मध्ये आली, तीही परवानाधारक सावकारापुरती. लग्नासाठी म्हणून, घर तारण ठेवून काढलेल्या कर्जाला कोणी माफी दिली नाही.

आणि हप्ता महिन्याला कसा? आपल्याकडे पैसा दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत येतो, ज्वारी रब्बीची असेल तर होळीपर्यंत. जून ते सप्टेंबर पैसा फक्त जातो. त्या चार महिन्यांत जो हप्ता लावतो त्याला शेती कळत नाही, किंवा फार चांगली कळते आणि पोळ्याच्या आत तुम्ही थकणार हे त्याला ठाऊक असते.

मोळीवाले सगळे एका जातीचे नाहीत. शहरातली कंपनी, शब्द फिरवून बोलणारी, ही एक जात. तिची पद्धत अशी की हप्ते भरणे बंद करा, तेच पैसे दरमहा आमच्याकडे जमा करा, सहा महिन्यांनी बँक नरम येते, मग आम्ही तडजोड करतो. या सहा महिन्यांत व्याज चढते, दंड चढतो, वसुलीची नोटीस तुमच्या नावाने येते, कंपनीच्या नावाने येत नाही. आणि तुमची जमा कंपनीच्या खात्यात. डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेलाच जाहीर सूचना काढावी लागली की काही लोक कर्जमाफीच्या जाहिराती करून, 'कर्जमाफी प्रमाणपत्र' देतो म्हणून सेवा शुल्क आणि कायदेशीर शुल्क उकळत आहेत, त्यांना तसा कोणताही अधिकार नाही. प्रमाणपत्र छापायला छापखाना लागतो. कर्ज माफ करायला ज्याने दिले तो लागतो, नाहीतर सरकार लागते.

अमेरिकेत हा धंदा आपल्याआधी वाढला. तिथे २०१० साली नियम झाला की फोनवरून गिऱ्हाईक गाठणाऱ्या अशा कंपनीने एखादे कर्ज प्रत्यक्ष मिटवल्याशिवाय फी घ्यायची नाही. आपल्याकडे कर्ज मिटवून देण्याच्या धंद्याला रिझर्व्ह बँकेचे वेगळे लायसनच नाही. भिंतीवर चौकटीत लावलेला असतो तो दुकानाचा परवाना, नाहीतर कंपनी नोंदल्याचा कागद. चहाच्या टपरीलाही तो मिळतो. तेव्हा 'आम्ही रजिस्टर्ड आहोत' या वाक्याला काडीचीही किंमत देऊ नका. पैसे उसने देणारी वित्त कंपनी असेल तर मात्र ती रिझर्व्ह बँकेच्या यादीत असलीच पाहिजे. यादी उघडी आहे, घरात कोणी शिकणारे पोर असेल त्याला पाहायला सांगा.

दुसरी जात मार्च महिन्यात उगवते. तिला आपण सगळे ओळखतो, पण तिच्याबद्दल बैठकीत बोलत नाही. ही नवे-जुने करून देणारी. सोसायटीचे जुने भरायचे, आठ दिवसांत नवे उचलायचे, मधल्या आठ दिवसांचा पैसा हा देतो. एक लाख वीस हजारांवर शेकडा दोन म्हणजे २,४००. वाटते काय मोठे? पण आठ दिवसांचे दोन टक्के म्हणजे वर्षाच्या हिशेबाने नव्वद टक्क्यांच्या वर. बिनव्याजी म्हणून ज्या कर्जाची जाहिरात होते, त्याचे व्याज असे बँकेच्या दाराबाहेर द्यावे लागते. आणि खरी भीती त्या २,४०० ची नाहीच. भीती ही की भरणा झाल्यावर बँक म्हणते, वरून पैसा आला नाही, पुढच्या महिन्यात या. आठ दिवसांचे दोन महिने होतात आणि दलालाचा दर शेकडा पाचावर जातो. कापूस केव्हाच विकून खाल्लेला असतो. म्हणून भरण्याआधी गटसचिवाकडून, नाहीतर शाखेतून, नवे कर्ज किती मिळणार आणि कोणत्या तारखेला, हे लिहून घ्या. लिहून देत नसतील तर दलालाकडून पैसा उचलू नका. गावातले दहा शेतकरी एकत्र गेले तर लिहून मिळते, एकटा गेला तर 'साहेब मीटिंगला आहेत'.

तिसरी जात सगळ्यात गोड बोलते आणि सगळ्यात घातकी. हा माणूस फी मागत नाही. तो खरोखर तुमची सगळी देणी फेडतो, चार दारे बंद करतो. बदल्यात म्हणतो, 'विश्वासासाठी एक कागद करून ठेवू, पैसे फिटले की फाडून टाकू.' तो कागद खरेदीखताचा असतो. रजिस्टर ऑफिसात तुम्ही स्वतः उभे राहून, अंगठ्याचा ठसा आणि फोटो देऊन, शेत विकले असे कबूल केलेले असते. महिन्याभरात फेरफार होतो आणि सातबारावर दुसऱ्याचे नाव चढते. शेत तुम्हीच वाहत असता म्हणून कळत नाही. कळते ते तीन वर्षांनी, पैसे घेऊन गेल्यावर तो 'कसले पैसे?' म्हणतो तेव्हा.

यावर कायदा आहे, तो नीट लक्षात ठेवा. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम २०१४ साली आला. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवानाधारकानेही शेतकऱ्याला तारण घेऊन दिले तर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण दिले तर १२ टक्के, यापेक्षा जास्त घ्यायचे नाही असा दर सरकारने त्याच वर्षी ठरवला. आपल्या उदाहरणातल्या सावकाराचे साठ टक्के या मापाला लावून पाहा. आणि सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून लिहून दिलेली जमीन, व्यवहार मागच्या पंधरा वर्षांतला असेल, तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून खरेदीखत रद्द ठरवू शकतात आणि जमीन परत देण्याचा हुकूम करू शकतात. अर्ज साध्या कागदावर, तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे. मात्र चौकशीत पुरावा लागतो. ताबा कोणाकडे होता, पीक कोण घेत होते, सरकारी भावाच्या किती कमी किमतीत खत झाले, व्याज दिल्याचे साक्षीदार कोण, बँकेतून पैसे कोणत्या तारखेला काढले. म्हणून सावकाराला व्याज हातात देताना कोणी सोबत न्यावे, वहीत तारीख टाकावी. पावती मागितली तर तो देणार नाही, हे मलाही माहीत आहे.

घाबरवणे हे या सगळ्यांचे सामाईक भांडवल. 'सरफेसी लागेल, शेत लिलावात जाईल' असे बँकेच्या कर्जाबद्दल सांगतात. सरफेसी कायदा शेतजमिनीच्या तारणाला लागू नाही, कायद्यातच तसे लिहिले आहे. सोसायटी आणि जिल्हा बँक सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवू शकतात, ती नोटीस खरी असते, ती कोपऱ्यात टाकू नका, तारखेला हजर राहा. पण दोन्हींत फरक आहे आणि घाबरवणारा तो मुद्दाम पुसतो. तसेच मायक्रोफायनान्सचे. २०२२ पासूनचा नियम असा की सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, अपमान करायचा नाही, मुदतीआधी फेडले तर दंड लावायचा नाही, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मोळीवाला याच निम्म्याच्या अटीतून सुटायला फॉर्मवर तुमचे उत्पन्न फुगवतो. सही मात्र घरच्या बाईची असते. मायबहिणींनो, 'सही करून टाक' असे नवऱ्याने सांगितले तरी उत्पन्नाचा आकडा वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. उद्या कोर्टात खोटे लिहून दिले कोणी, तर तुम्ही.

मग विश्वासाचा माणूस ओळखायचा कसा? मी स्वतः पहिले पाहतो ते हे की तो पैसे कोणाच्या खात्यात भरायला सांगतो. तडजोडीची रक्कम तुमच्या कर्जखात्यात, बँकेच्या काउंटरवर, तुमच्या नावाच्या पावतीवर भरली पाहिजे. दुसऱ्या कोणत्याही खात्याचा नंबर दिला की बोलणे तिथेच संपले. मग तो तुम्हाला बँकेत सोबत नेतो की 'तुम्ही घरीच राहा, मी बघतो' म्हणतो? चांगला जाणता माणूस, मग तो निवृत्त गटसचिव असो, वकील असो की संघटनेचा कार्यकर्ता, तुम्हाला साहेबासमोर बसवतो आणि आकडे तुमच्या तोंडून वदवतो. कोरा चेक, कोरा स्टँप, मूळ सातबारा-आठ अ, आधारच्या ठशाचे यंत्र, मोबाईलवर आलेला नंबर, यांपैकी काहीही मागणारा विश्वासाचा नाही. आणि त्याला एक प्रश्न विचाराच: 'माझ्या कोणत्या कर्जाला हात लावू नये असे तुम्हाला वाटते?' ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही त्याला हिशेब येत नाही. 'कोणतेच नाही, सगळी देऊन टाका' हे उत्तर आले तर चहा पाजून वाटेला लावा.

दर विचारताना 'फ्लॅट' शब्दावर थांबा. दोन वर्षांच्या मुदतीचे १२ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या बाकीवर जवळजवळ २२ टक्के, कारण मुद्दल फिटत आले तरी व्याज मूळ रकमेवरच चालू राहते. ऑक्टोबर २०२४ पासून बँकेला आणि वित्त कंपनीला किरकोळ कर्ज देण्याआधी एक मुख्य माहितीचा तक्ता द्यावा लागतो. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो आणि तो तुम्हाला समजेल अशा भाषेत हवा. मराठीत मागा.

सिबिलची भीतीही थोडक्यात उरकतो. तडजोडीने मिटलेल्या कर्जापुढे 'सेटल्ड' असा शेरा येतो, पूर्ण फेडलेल्यापुढे 'क्लोज्ड'. पुढचे कर्ज मिळताना यात फरक पडतो, म्हणून तडजोडीआधी विचार करा. पण पैसे घेऊन शेरा पुसून देतो म्हणणारा लबाड आहे. खरी नोंद पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घ्यायला पैसे लागत नाहीत.

मध्यस्थ नकोच असे माझे म्हणणे नाही. ऋणको एकटा आणि धनको दांडगा असेल तर मधे कोणी लागतो, हे आपल्या मुलखाला जुने आहे. १८७५ साली सुप्याला आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात कोर्टाने नुसता रोखा न पाहता मुळात दिले किती, फेडले किती, हा हिशेब मागे जाऊन काढायचा होता आणि तडजोड घडवायला सरकारने नेमलेले मध्यस्थ होते. मध्य प्रांतात १९३३ च्या कायद्याने कर्ज तडजोडीची बोर्डे झाली. त्या कायद्यांत पळवाटा होत्या, सावकारांनी त्या शोधल्याही. पण हिशेब दोन्ही बाजूंच्या तोंडावर, चारचौघांत व्हायचा. आजच्या मोळीवाल्याचा हिशेब मोबाईलमध्ये असतो आणि तो तुम्हाला दाखवत नाही.

फुकटात काम होणारी ठिकाणे आजही आहेत, ती वापरत नाही म्हणून दलालाचे फावते. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये कर्ज सल्ला केंद्रांची योजना आणली, २०१२ नंतर त्यांना वित्तीय साक्षरता केंद्र म्हणतात. सल्ल्याला पैसे घ्यायचे नाहीत ही त्यातली अट. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला ते कुठे आहे हे विचारा. पुष्कळ ठिकाणी एक टेबल आणि एक कॅलेंडर एवढेच सापडेल. तरी विचारा, कारण विचारणारे आले नाहीत म्हणूनच तिथे धूळ बसते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता वकील फुकट मिळतो. लोकअदालतीत बँकेशी तडजोड करायला फी नाही. मात्र तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी हप्त्याच्या तारखा हंगामाशी जुळवून घ्या. बँकेने लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, त्यालाही फी नाही.

सरकारला आणि बँकांना मात्र मोकळे सोडण्याचे कारण नाही. जून २०२३ च्या नियमाप्रमाणे प्रत्येक बँकेला, सहकारी बँकेलासुद्धा, तडजोडीचे धोरण संचालक मंडळाकडून मंजूर करून ठेवावे लागते. म्हणजे किती थकले, किती जुने झाले, तर किती सूट, हे कागदावर आहे. तो कागद शाखेच्या भिंतीवर मराठीत का लागत नाही? लागला तर 'माझी ओळख आहे' या वाक्याची किंमत त्याच दिवशी शून्य होईल. दलाल शेतकऱ्याच्या अडाणीपणावर जगतो असे साहेब लोक म्हणतात. तो साहेबांच्या बंद कपाटावर जगतो. या बैठकीने आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाखेला हे धोरण मागणारे पत्र द्यावे असे माझे सुचवणे आहे. सोबतच कर्ज मिटवण्याआधी कोणी फी घ्यायची नाही, असा नियम आपल्याकडेही करण्याची मागणी व्हावी.

ज्यांची तडजोड होऊन गेली आहे त्यांच्यासाठी एक उरले. पैसे भरले म्हणजे काम संपले असे नाही. बँकेच्या कागदावर, तारीख आणि रक्कम लिहिलेले मंजुरीपत्र घ्या. भरणा पावती घ्या. बाकी नाही असा दाखला घ्या. दिलेले चेक परत मागा. मग तो दाखला घेऊन तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, जा आणि सातबाराच्या इतर हक्कातला बोजा कमी करण्याचा अर्ज पोच घेऊन द्या. कर्ज फिटून बोजा तसाच राहिलेले सातबारे आपल्यापैकी अनेकांच्या घरी निघतील. पुढच्या बैठकीला येताना ताजा सातबारा काढून आणा. ज्यांचा बोजा राहून गेला असेल त्यांचे अर्ज तिथेच लिहू, आणि ज्यांच्याकडे मोळीवाल्याने दिलेला कोणताही कागद असेल त्यांनी तो सोबत आणावा, सही केलेला असो वा नसो.